ऐकणाऱ्यांचे दप्तर

जुना वाडा उतरवायला काढला किंवा दिवाळीआधी माळ्याची आवराआवर निघाली, की एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत ग्रामोफोनच्या तबकड्यांचा गठ्ठा सापडतो. घरातले लोक मग दोन प्रश्न विचारतात: या अजून वाजतात का, आणि विकल्या तर किती येतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याहून मोलाचा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो, तो म्हणजे याच तबकड्या या घरात का आल्या? मराठी संगीताचा इतिहास आपण गाणाऱ्यांच्या बाजूने पुष्कळ लिहिला आहे. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, गजाननराव वाटवे यांच्याविषयी चरित्रे आहेत, आठवणी आहेत, रसग्रहणे आहेत. ऐकणाऱ्यांची बाजू मात्र जवळजवळ कोरी आहे. ज्यांनी पदरचे पैसे मोजून तबकडी घेतली, ती घाटवाटेने गावात आणली आणि झिजेपर्यंत वाजवली, त्या माणसांनी आपल्या ऐकण्याविषयी क्वचितच काही लिहून ठेवले. त्यांच्या मागे उरल्या त्या तबकड्याच. म्हणून अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावी सापडलेला संच हे त्या गावाच्या ऐकण्याचे दप्तर आहे, आणि दप्तरातला एकेक कागद सुटा करून विकू नये तसा हा संचही फोडू नये, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला अकोले हे ठिकाण चांगले, कारण तिथे कोणतीही वस्तू आपोआप पोहोचत नव्हती. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातला हा तालुका सह्याद्रीला पाठ टेकून बसला आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड या त्याच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खुणा. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्यावरून अकोल्याला येते आणि पुढे संगमनेर, नेवासे करत गोदावरीला मिळते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे, पूर्वेकडे नदीकाठची शेती आणि बाजाराची गावे, अशी तालुक्याची दोन अंगे आहेत. रेल्वे इथे कधी आली नाही. शहरी माल यायचा तो एक तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या संगमनेरच्या पेठेतून, नाहीतर राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूने, घोटी-इगतपुरीच्या रेल्वेकडून. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. त्याचे पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांत गेले आणि तिथे पुढे उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहिले. डोंगरपट्ट्याच्या वाट्याला तो पैसा आला नाही, आणि वीजही फार उशिरा आली. अशा ठिकाणी एखाद्या घरात चाळीस-पन्नास तबकड्या असतील, तर त्यांतली प्रत्येक कोणीतरी ठरवून आणलेली आहे.

विजेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती. पेटीच्या कुशीतली चावी फिरवून आतली स्प्रिंग आवळायची, ती सुटताना थाळी मिनिटाला साधारण ७८ फेरे घेत फिरायची, पोलादी सुई खाचेतून धावताना थरथरायची आणि ती थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या पातळ पडद्यातून कर्ण्यात जाऊन मोठी व्हायची. सगळा कारभार यांत्रिक. त्यामुळे दिवा रॉकेलचा असलेल्या घरातही कलकत्त्यात किंवा मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला आवाज वाजू शकत होता. विजेच्या तारा खेड्यांपर्यंत नेण्याचे मोठे काम १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात झाले. ट्रान्झिस्टरही त्याच दशकात घरोघर दिसू लागले. म्हणजे डोंगराकडेच्या अनेक गावांत दूरच्या माणसाचा आवाज पहिल्यांदा आला तो या चावीच्या पेटीतून. रेडिओने खेडे जोडले असे आपण सहज म्हणतो. त्याआधीची तीन-चार दशके हे काम जिथे जिथे झाले, तिथे ते तबकडीने केले होते.

या तबकडीचा भारतातला प्रवास नोव्हेंबर १९०२ मध्ये सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, गौहरजान आणि इतरांची गाणी त्याने मेणावर घेतली, आणि छपाईसाठी ती जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवली. गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत, ते दूरदेशी छापणाऱ्याला लेबल कोणते लावायचे हे कळावे म्हणून. मराठी रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले. त्यांचा आवाज तबकडीवर येता येता राहिला. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदहला छपाईचा कारखाना निघाला आणि तबकड्या देशातच तयार होऊ लागल्या. त्यांचा मुख्य घटक होता लाख, आणि ती छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जात होती. लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा सुती धागा यांच्या लगद्यावर दाब देऊन काळी, जड, सहज फुटणारी थाळी बनत असे. कुत्रा छापाची एचएमव्ही सर्वांत मोठी, तिच्या बरोबरीने ओडियन, कोलंबिया, आणि १९३५ पासून मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीचा ‘यंग इंडिया’ छाप. लाँगप्ले तबकडी अमेरिकेत १९४८ मध्ये आली; ती विनाइल या प्लास्टिकची, ३३ फेऱ्यांची आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे चालणारी. आपल्याकडे मात्र लाखेची तबकडी १९७० च्या सुमारापर्यंत टिकली. म्हणून घरात सापडणाऱ्या गठ्ठ्यात बहुधा दोन्ही काळ एकत्र असतात, आणि त्यांतली सीमा हाताच्या स्पर्शानेही कळते.

तबकडी हा पुरावा आहे, असे म्हणण्याचे कारण तिच्या खरेदीत आहे. रेडिओ ऐकणाऱ्याने काय ऐकावे हे केंद्र ठरवत असे. मुंबईचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले, पुण्याचे १९५३ मध्ये. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली, तेव्हाही कार्यक्रम केंद्राचा होता आणि श्रोते नंतर त्यावर चर्चा करत होते. रेडिओ लागला होता एवढ्यावरून घरातल्या माणसाची आवड सांगता येत नाही. तबकडीचे तसे नाही. दुकानात शंभर तबकड्या असताना एक उचलायची, तिच्यासाठी पैसे द्यायचे, बैलगाडीत किंवा एसटीत ती फुटणार नाही अशी मांडीवर धरून आणायची, आणि पुन्हा पुन्हा चावी देऊन लावायची: या प्रत्येक पायरीवर निवड आहे. याचा उत्तम दाखला गीतरामायणाचा. गदिमा आणि सुधीर फडके यांची ५६ गीते १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली आणि लाखो लोकांनी ती फुकट ऐकली. तरीही पुढे ती तबकड्यांवर आली आणि घरोघर विकत घेतली गेली. रेडिओवरून मिळालेले गाणे आपल्या इच्छेने, आपल्या वेळी पुन्हा लावता यावे, ही त्या खरेदीमागची गरज होती. रेडिओवर न मिळणारी ही मुभा तबकडीने ऐकणाऱ्याला दिली.

निवडीचा दुसरा पुरावा झिजण्यात आहे. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरावी असा नियम होता. दोनशे सुयांची चिमुकली डबी त्यासाठीच मिळत असे. पण सुयाही विकतच आणायच्या, आणि त्या संपल्या की पुढची फेरी संगमनेरला होईपर्यंत जुनीच सुई चालवायची. बोथट सुईने खाच खरवडली जाते आणि काळी तबकडी पांढुरकी पडत जाते. त्यामुळे कोणते गाणे जास्त वाजले हे उजेडात तिरपी धरली तरी तबकडी सांगते. पुढची बाजू करडी आणि मागची चकचकीत असेल, तर मागचे गाणे घरात रुचले नव्हते. एखादी तबकडी फक्त शेवटच्या वळशांत झिजलेली असेल, तर त्यात नेहमीच रसिकता शोधू नये. आतल्या वळशांत खाच आकसते आणि बोथटलेल्या सुईचा मार तिथे अधिक बसतो, हे यंत्राचे कारण आहे. हा फरक करता आला पाहिजे. कव्हरवरचा दुकानाचा शिक्का, लेबलवर शाईने लिहिलेले नाव, लग्नात भेट दिल्याची तारीख, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातला मॅट्रिक्स क्रमांक, हे सारे वाचले की तबकडी कधी निघाली, कोणत्या बाजारातून आली आणि कोणाच्या हातातून गेली याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या गाण्यापुरते पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

अशा रीतीने वाचले की संचातले थर वेगळे होतात. सर्वांत खालचा थर बहुधा नाट्यपदांचा आणि ख्यालांचा. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत रात्रभर रंगणारे पद दहा इंची थाळीवर सव्वातीन मिनिटांत बसवावे लागे. गाणाऱ्यांनी आपली कला त्या मापात कातरली, आणि ज्यांना पुण्या-मुंबईचे नाटक परवडणारे नव्हते त्यांना नाट्यसंगीत म्हणून तेच कातरलेले रूप माहीत झाले. घरातल्या बायकांच्या दृष्टीने हा बदल आणखी मोठा होता. थिएटर किंवा गाण्याची बैठक त्यांना सहसा बंद होती. कर्ण्याची पेटी माजघराच्या दाराशी येऊन वाजू लागली. त्यावरचा थर भावगीतांचा. १९३० नंतर जी. एन. जोशी, जे. एल. रानडे, गजाननराव वाटवे यांनी कवितेला दिलेली चाल ही तबकडीच्या मापातच जन्मली. तिथे कातरण्याचा प्रश्न नव्हता, कारण गाणेच सव्वातीन मिनिटांचे होते. जोशी १९३८ मध्ये एचएमव्हीत अधिकारी झाले आणि पुढच्या कित्येक मराठी तबकड्या त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या. त्या वाटेने मराठी कविता शाळेच्या पुस्तकाबाहेर, कित्येक वेळा पुस्तकाच्या आधी, तालुक्याच्या गावात पोहोचली.

पुढचे थर प्रवरेच्या खोऱ्याला अधिक जवळचे आहेत. त्यांतला पहिला लावणीचा. शाहीर अनंतफंदी (१७४४–१८१९) संगमनेरचे. पठ्ठे बापूरावांच्या फडातून तमाशाच्या बोर्डावर गाजलेली पवळा त्याच तालुक्यातल्या हिवरगावची. म्हणजे लावणीचे एक मोठे माहेर अकोल्याच्या उशाशी आहे. परंतु १९५० आणि १९६० च्या दशकांत तबकडीवर विकली गेली ती लावणी प्रामुख्याने चित्रपटाची: गदिमा किंवा जगदीश खेबुडकरांनी लिहिलेली, वसंत पवार किंवा राम कदम यांनी चालीत बांधलेली आणि सुलोचना चव्हाण यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायलेली. सुलोचनाबाई तमाशाच्या फडात कधी नाचल्या नाहीत. मंचावर त्या डोक्यावर पदर घेऊन गात. ज्या घरांतून तमाशाला जाणे कमीपणाचे मानत, त्या घरांत ही लावणी शिरू शकली याला हे कारण होते. ज्या खोऱ्यातून लावणी बाहेर पडली, त्याच खोऱ्यात ती मुंबईहून नवे कपडे घालून परत आली. हा व्यवहार नफ्याचा की तोट्याचा, यावर मतभेद होऊ शकतो. पण तो झाला आणि कसा झाला, याचा ठोस पुरावा तबकडीशिवाय दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

चौथा थर श्रद्धेचा आणि चळवळीचा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच प्रवरेकाठी. तेव्हा १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातले विष्णुपंत पागनीस, नंतर भीमसेन जोशींचे अभंग आणि प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते इथल्या संचात सापडली तर नवल नाही. प्रल्हाद शिंदे यांचाच आवाज भीमगीतांतही आहे, आणि ते विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. अकोले हे आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब रूपवते यांचे गाव. शेजारच्या सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डकांचे जन्मगाव. १९५६ च्या धर्मांतरानंतर या पट्ट्यात जे गायले गेले ते बहुतांशी उघड्या मैदानात, डफ-ढोलकीवर, तोंडी परंपरेने गेले. त्यातला थोडा भाग तबकड्यांवर आला. ज्या वस्तीला गावच्या पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, त्या वस्तीत भीमगीताची तबकडी विकत घेऊन लावली जाणे ही गावाच्या इतिहासातली घटना आहे, आणि तिची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. तशीच गोष्ट १९६० च्या राज्यस्थापनेची. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून शासनाने स्वीकारले. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी ते तबकडी लावून लावून स्वीकारले होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, हा सारा पुरावा मूठभरांचा आहे. ग्रामोफोन होता तो देशमुखाच्या वाड्यात, वकिलाकडे, डॉक्टरकडे, सावकाराकडे. त्यांच्या आवडीला गावाची आवड कसे म्हणावे? आक्षेप वजनदार आहे, आणि घरगुती ग्रामोफोनच्या काळाला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. मात्र त्याला दोन उत्तरे आहेत. एक असे की, कर्ण्याचा आवाज भिंतीत मावत नाही. वाड्याच्या चौकात वाजलेले पद ओसरीवरच्या गड्याने, आडावर पाणी भरणाऱ्या बाईने ऐकलेच. निवड मालकाची, पण ऐकणे त्याच्या एकट्याचे नव्हते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. १९५० नंतर तालुक्यातल्या तबकड्यांचे मोठे साठे जमले ते लाउडस्पीकरवाल्यांकडे. बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक थाळीयंत्र आणि तबकड्यांची पेटी घेऊन हे लोक लग्ना-मुंजीला, जत्रेला, गणपतीत, तंबूतल्या सिनेमाच्या आधी वाजवायला जात. त्यांची खरेदी स्वतःच्या आवडीवर चालणारी नव्हती. मांडवातले लोक जे मागतील ते पेटीत नसले तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाई. म्हणून लाउडस्पीकरवाल्याच्या घरी सापडलेला संच हा वाड्यातल्या संचाहून जास्त लोकांचा पुरावा आहे, जरी त्यात दुर्मीळ असे काही नसले तरी. वाड्यातला संच प्रतिष्ठेचे ऐकणे दाखवतो, मांडवातला संच मागणीचे. दोन्ही शेजारी ठेवले तरच गावाचे चित्र पूर्ण होते.

दुसरा आक्षेप यापेक्षाही खोल जातो: या तबकड्यांत अकोले आहे कुठे? गाणारे बाहेरचे, कंपन्या बाहेरच्या, नफाही बाहेर गेला. ठाकरांची कांबड नाचातली गाणी, बोहाड्यात सोंगे नाचवताना वाजणारे संबळ, महादेव कोळ्यांच्या लग्नातली गाणी, पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या यांना तबकडीच्या बाजारात जागा मिळाली नाही. हे खरे आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण दप्तरात जे नाही तेही दप्तर सांगतेच. कंपनी त्या आवाजासाठी यंत्र घेऊन गेली ज्याला गिऱ्हाईक होते; ज्यांच्या हाती रोकड नव्हती त्यांचे गाणे तिने ध्वनिमुद्रित केले नाही. मराठी बायकांच्या ओव्यांचा मोठा साठा जमला तो हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून केलेल्या कामामुळे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, आणि त्यांतल्या काही हजार टेपवर आल्या. एवढे प्रचंड भांडार तबकडीच्या सत्तर वर्षांत बाजाराला दिसले नव्हते. तेव्हा अकोल्याच्या तबकड्या हे अकोल्याच्या गाण्याचे दप्तर आहे असा दावा करता येत नाही. ते अकोल्याच्या ऐकण्याचे दप्तर आहे. गावाने स्वतः काय गायले आणि बाहेरून काय घेतले, या दोहोंतले अंतर मोजायचे तर दोन्ही टोके हातात हवीत.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: सगळे तर इंटरनेटवर आहे, मग फुटक्या तबकड्या कशाला सांभाळायच्या? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सगळे इंटरनेटवर नाही. गाजलेल्या गायकांचे पुष्कळ आहे, पण एकदाच छापल्या गेलेल्या पोवाड्यांच्या, विनोदी संवादांच्या, लहान कंपन्यांच्या कित्येक तबकड्या अजून संग्राहकांच्या यादीतही आलेल्या नाहीत. १९९० पासून मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ अशा तबकड्या नोंदवण्याचे काम निष्ठेने करत आहे, आणि तिच्या सभासदांनी उजेडात आणलेल्या पुष्कळ तबकड्या अशा घरगुती संचांतूनच आल्या. पण समजा, उद्या प्रत्येक गाणे इंटरनेटवर आले. तरी प्रश्न उरतोच. इंटरनेटवर बालगंधर्वांचे पद मिळेल. ते पद राजूरच्या कोणत्या घरात, कोणत्या अभंगाच्या आणि कोणत्या लावणीच्या शेजारी ठेवले होते, आणि त्या तिघांत सर्वांत जास्त कोण झिजले, हे मिळणार नाही. गाण्याची प्रत कितीही निघू शकते. शेजार एकच असतो, आणि संच फोडला की तो कायमचा जातो. जुन्या बाजारातला व्यापारी दुर्मीळ दोन तबकड्या निवडून घेतो आणि उरलेल्या भंगारात जातात, तेव्हा नेमके हेच घडते. त्याने नेलेल्या दोन तबकड्या जगात आणखी कुठे तरी असण्याची शक्यता आहे. भंगारात गेलेला संच मात्र पुन्हा जुळत नाही.

शेवटचा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे आणि तो सर्वांत नेमका आहे. जे टिकले ते योगायोगाने टिकले. आवडती तबकडी हाताळून हाताळून फुटली असेल आणि नावडती अखंड राहिली असेल. मग उरलेल्या संचावरून आवड कशी सांगावी? शिवाय हवामान. घाटघर-रतनवाडीकडचा धुवाधार पाऊस आणि पूर्वेकडच्या गावांतले कोरडे ऊन एकाच तालुक्यात आहेत. एकीकडे कव्हरला बुरशी लागते, दुसरीकडे पत्र्याखालच्या माळ्यावर विनाइल वाकते. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. एका संचावरून गावाविषयी निष्कर्ष काढू नये, जसा एका घराच्या कागदांवरून परगण्याचा इतिहास लिहू नये. पण हे बंधन सर्वच साधनांना आहे. वाळवीने खाल्लेल्या बखरी आणि अर्धवट उरलेले ताळेबंद घेऊनच इतिहासकार काम करतो. तो साधने टाकत नाही, ती एकमेकांशी ताडून पाहतो. दहा-पंधरा घरांतले संच नोंदवले, त्यांत वाड्यातले, वस्तीतले, शिक्षकाचे, लाउडस्पीकरवाल्याचे असे सगळे आले, तर योगायोगाचा भाग आपोआप मागे पडतो आणि जे सर्वत्र दिसते ते ठळक होते. रिकाम्या कव्हरांनाही इथे किंमत आहे, कारण फुटलेल्या आवडत्या तबकडीची साक्ष बहुधा तिचे कव्हरच देते.

यावरून करायचे काय ते स्पष्ट होते, आणि ते अवघड नाही. संच सापडला की पुसण्याआधी, लावण्याआधी आहे त्याच क्रमाने त्याची यादी करावी: छाप, क्रमांक, गाणारे, दोन्ही बाजूंची गाणी, शिक्के, हस्ताक्षरे, झीज. प्रत्येक लेबलाचे छायाचित्र घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणती कोणी आणली, कुठून, कोणत्या प्रसंगी, हे लिहून घ्यावे. ही माहिती तबकडीपेक्षा लवकर नष्ट होते. लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा बोळा कधीही लावू नये, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. सुतार पॉलिश करतो ते याच गुणामुळे. तबकड्या आडव्या थरांत न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जुन्या पोलादी सुईने त्या पुन्हा वाजवण्यापेक्षा, रुंद खाचेसाठी बनवलेल्या सुईच्या आणि हलक्या दाबाच्या यंत्रावर एकदाच नीट उतरवून घ्याव्यात. कायद्याची अडचणही दिसते तेवढी नाही: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो, त्यामुळे १९५० च्या दशकातली ध्वनिमुद्रणे त्यातून मोकळी झाली आहेत, गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे, ते त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात, तेवढे मात्र तपासावे. यादी झाल्यावर वस्तू घरीच राहिली तरी चालेल. यादीची एक प्रत तालुक्यातल्या महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात असली, म्हणजे पुरावा सार्वजनिक झाला.

अशा कामाला पुण्या-मुंबईच्या संस्थेची वाट पाहायला हवी असे मानण्याचे कारण नाही, आणि अकोले तालुक्याने तर ते आधीच दाखवून दिले आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या गावरान बियाण्यांना एकेकाळी बाजारात किंमत नव्हती. २०२० चा पद्मश्री किताब त्यांना मिळाला तो त्याच घरगुती साठ्यासाठी. त्या बियाण्याचे मोल जसे ते कोणत्या मातीत, कोणाच्या हातून टिकले या माहितीशी बांधलेले आहे, तसेच तबकडीचेही आहे. माहिती तोडली की उरते ती एक जुनी थाळी, आणि तिचा भाव व्यापारी ठरवतो. माहितीसकट ती ठेवली तर तिच्यावरून सांगता येते की डोंगराच्या कुशीतल्या, रेल्वे आणि वीज यांच्या पलीकडच्या माणसांनी विसाव्या शतकाचा आवाज निमूटपणे सोसला नाही. त्यांनी तो पैसे मोजून निवडला, परत लावला, काही नाकारलाही. खेड्यातला माणूस नेहमी दुसऱ्याने दिलेले घेणारा, असे चित्र आपल्या इतिहासलेखनात वारंवार येते. त्याला खोडून काढणारा पुरावा तालुक्यातल्या माळ्यांवर पडून आहे, आणि तो वाचण्याची जबाबदारी पहिल्यांदा त्या त्या घराची, मग गावाची आणि त्यानंतर संस्थांची आहे.